शिट्टी हातात येण्याआधीची वर्षं

बास्केटबॉलचा कोच व्हायचं मनात घेतलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : मी राज्य संघापर्यंतही पोचलो नाही, मग मला कोच म्हणून कोण विचारणार? उत्तर सरळ आहे. मोठा खेळाडू असणं ही चांगला कोच होण्याची अट नाही. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगने 2022 साली, आपल्या पंचाहत्तराव्या मोसमात, आजवरच्या सर्वोत्तम पंधरा प्रशिक्षकांची यादी जाहीर केली. त्या यादीत मायामी हीट संघाच्या एरिक स्पोल्स्ट्रा यांचं नाव आहे, आणि ते खेळाडू म्हणून एनबीएचा एकही सामना खेळलेले नाहीत.

या वाटेवर निघालेल्या प्रत्येकाने स्पोल्स्ट्रा यांची कारकीर्द बारकाईने अभ्यासावी, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी जिंकलेल्या विजेतेपदांपेक्षाही मुख्य प्रशिक्षक होण्याआधीच्या तेरा वर्षांसाठी.

स्पोल्स्ट्रा यांचा जन्म 1970चा. आई फिलिपाइन्सची, वडील एनबीए संघांच्या व्यवस्थापनात मुरलेले. हे जग त्यांना घरातूनच ओळखीचं होतं, हे लपवायचं कारण नाही. असा आधार सगळ्यांना मिळत नाही. पोर्टलंड विद्यापीठाच्या संघात ते पॉइंट गार्ड होते. पुढे जर्मनीत हर्टन नावाच्या छोट्या शहरातल्या क्लबकडून खेळले, आणि तिथेच खेळता खेळता कोचिंगही करू लागले. 1995 साली मायामी हीटने त्यांना कामावर घेतलं ते व्हिडिओ विभागात. पद साधं होतं. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या कॅसेट मिळवायच्या, त्यातले नेमके प्रसंग निवडायचे, एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचे आणि कोचला हवे तेव्हा हवे ते तुकडे तयार ठेवायचे. त्याच वर्षी पॅट रायली हे नावाजलेले कोच मायामीत आले. शिस्तीला कडक, तयारीच्या बाबतीत जराही ढिलाई न खपवणारे. स्पोल्स्ट्रा यांचं खरं शिक्षण त्यांच्या हाताखाली झालं. व्हिडिओ विभागातून सहायक प्रशिक्षक, मग पुढच्या प्रतिस्पर्ध्यांची पाहणी करणारा स्काउट, मग त्या सगळ्या विभागाचा प्रमुख. मुख्य प्रशिक्षकाची जागा मिळाली ती 2008च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

हे एकट्या त्यांच्याच बाबतीत घडलेलं नाही. 2020च्या अंतिम मालिकेत हीटला हरवणाऱ्या लॉस एंजेलिस लेकर्सचे तेव्हाचे कोच फ्रँक व्होगल हेही व्हिडिओच्या खोलीतूनच वर आले. ते एका छोट्या कॉलेजच्या संघातून खेळत होते. ती जागा सोडून ते केंटकी विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचं पडेल ते काम करू लागले. म्हणजे त्या वर्षी जगातल्या सगळ्यात मोठ्या मालिकेत दोन्ही बाकांवर एकेकाळी कॅसेट कापणारी माणसं बसली होती. याचं कारण उघड आहे. जो माणूस वर्षानुवर्षं एकेक चाल थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहतो, त्याची नजर तयार होते. आणि कोचचं पहिलं हत्यार नजर हेच.

मग तुम्ही काय करावं? तुमच्या शाळेच्या किंवा क्लबच्या संघाला व्हिडिओ विभाग नसेल, पण तुमच्या खिशात फोन आहे. सामना चित्रित करताना तो कोर्टच्या मध्यरेषेच्या समोर, जितक्या उंचावर ठेवता येईल तितका उंच ठेवा. गॅलरी, गच्ची, जिन्याचा वरचा टप्पा, काहीही चालेल. चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवण्याचा मोह आवरा. दहाही खेळाडू चौकटीत दिसले पाहिजेत. बास्केटबॉलमध्ये चूक बहुतेक वेळा चेंडूपासून लांब होते आणि चेंडूपाशी दिसते. समोरच्याने सहज लेअप मारला की प्रेक्षक त्याच्यासमोरच्या मुलाला दोष देतात. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला की कळतं, पलीकडच्या बाजूचा बचावपटू आपल्या माणसाला चिकटून, चेंडूकडे पाठ करून उभा होता. दोन पावलं आत सरकून रिंगखाली मदतीला यायचं काम त्याचं होतं.

हे मुलाला दाखवण्याचीही पद्धत आहे. सगळ्या संघासमोर दाखवू नका. त्याला एकट्याला बाजूला घ्या, आधी याच सामन्यात त्याने बरोबर मदत केलेला एक प्रसंग दाखवा, मग चुकलेला. दोन्ही मिळून मिनिटाच्या आत संपले पाहिजेत. चुकलेल्या प्रसंगात चेंडू निघायच्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि विचारा, “इथे तू कुठे असायला हवा होतास?” उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. बोटाने पडद्यावर जागा दाखवायची त्यानेच. हे एकदा जमलं की पुढच्या सरावात तो मुलगा मोठ्याने सांगितल्याशिवायही आत सरकतो. सगळ्यांना बसवून अख्खा सामना दाखवणाऱ्या कोचच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण पाचव्या मिनिटानंतर मुलं स्वतःचा शॉट कधी येतोय एवढंच पाहत असतात.

नजरेच्या जोडीला वही हवी. आकडे म्हटलं की अनेक कोच दचकतात, पण इथे लागतं ते पाचवीचं गणित. पझेशन म्हणजे चेंडू आपल्या ताब्यात आल्यापासून तो समोरच्या संघाकडे जाईपर्यंतचा काळ. त्याचा अंदाज काढायचं सूत्र जगभर वापरतात : घेतलेले शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या संख्येला 0.44ने गुणून येणारा आकडा. समजा तुमच्या संघाने 60 शॉट घेतले, आक्रमणातले 12 रिबाउंड मिळवले, 18 टर्नओव्हर केले आणि 15 फ्री थ्रो घेतले. पझेशन झाली साधारण 73. संघाचे गुण 58. म्हणजे दर पझेशनला जेमतेम 0.8 गुण, हे कमीच. आता बहुतेक ठिकाणी काय होतं? “शॉट पडत नाहीत,” असं म्हणून दुसऱ्या दिवशी तासभर शूटिंग घेतलं जातं. पण वहीत पुन्हा पाहा. 73पैकी 18 पझेशन, म्हणजे जवळपास चारातलं एक, शॉट न घेताच वाया गेलं. उरलेल्या 55मध्ये मुलांनी 58 गुण केले आहेत, म्हणजे दर पझेशनला एकाहून जास्त. शूटिंग बरं चाललं होतं. बिघाड पासमध्ये आहे, आणि उद्याचा सराव दबावाखाली पास देण्याचा आणि घेण्याचा असायला हवा. एवढी एक गोष्ट वहीमुळे कळली तरी महिन्याभराचा सराव योग्य जागी लागतो.

शूटिंगचं खरं माप हवं असेल तर पडलेल्या शॉटमध्ये तीन गुणांच्या शॉटचा निम्मा आकडा मिळवा आणि एकूण शॉटनी भागा. वरच्या सामन्यात 22 शॉट पडले, त्यातले 4 तीन गुणांचे, तर 24 भागिले 60, म्हणजे 40 टक्के. हा आकडा, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड आणि फ्री थ्रो, या चार गोष्टींवर बहुतेक सामने ठरतात. सुरुवातीला यापेक्षा जास्त काही लिहू नका.

स्पोल्स्ट्रा यांच्या वाटचालीतला पुढचा टप्पा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ड्वेन वेड हा मायामीचा तरुण तारा 2004च्या अथेन्स ऑलिंपिकहून परतला तेव्हा त्याच्या उडी मारून घ्यायच्या शॉटवर, शरीराच्या तोलावर आणि चेंडू हातातून सुटण्याच्या पद्धतीवर स्पोल्स्ट्रा यांनी त्याच्याबरोबर काम केलं. 2006मध्ये मायामीने पहिलं विजेतेपद मिळवलं आणि वेड त्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोणाला तरी प्रत्यक्ष सुधारून दाखवणं हाच सहायकाचा खरा परिचय. मोठमोठ्या चाली फळ्यावर काढता येणारे पुष्कळ असतात. एका मुलीचा डाव्या हाताचा लेअप तीन महिन्यांत पक्का करून देणारा माणूस विरळा. म्हणून तुमच्या पहिल्या वर्षी संघातल्या दोनच खेळाडूंची जबाबदारी मागून घ्या. सराव संपल्यावरची पंधरा मिनिटं रोज त्यांच्यासाठी ठेवा. एका वेळी एकच दोष धरा, तो सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. आणि त्यांना कोणी घडवलं हे सांगत फिरू नका, खेळाडू आपणहून सांगतात.

आता मुख्य प्रशिक्षकपदाकडे येऊ. 2007-08च्या मोसमात हीटने 82पैकी फक्त 15 सामने जिंकले होते. असा पडलेला संघ स्पोल्स्ट्रा यांच्या हाती आला आणि पहिल्याच मोसमात तो 43 विजयांपर्यंत पोचला. खरी कसोटी 2010मध्ये लागली. लेब्रॉन जेम्स आणि क्रिस बॉश मायामीत आले, वेड होताच, आणि सगळ्या देशाला वाटलं की हा संघ हरणार नाही. सुरुवात झाली 9 विजय आणि 8 पराभवांनी. कोचला काढा, रायलींनी स्वतः सूत्रं घ्यावीत, अशी चर्चा उघड सुरू झाली. कोच बदलला गेला नाही, संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला, आणि तिथे डॅलसकडून 4-2 असा हरला.

त्यानंतरचा उन्हाळा मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. पराभवानंतर स्पोल्स्ट्रा ओरेगन विद्यापीठात गेले. तिथे चिप केली हे अमेरिकन फुटबॉलचे कोच होते. खेळ वेगळा, मैदान वेगळं, चेंडूचा आकारसुद्धा वेगळा. पण केली यांचा संघ खेळाडूंना मैदानभर पसरवायचा आणि विजेच्या वेगाने खेळायचा. पसरलेल्या जागेचा आणि वेगाचा तो विचार स्पोल्स्ट्रा यांनी बास्केटबॉलमध्ये आणला. 2012च्या प्लेऑफमध्ये बॉश पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला आणि इंडियानाविरुद्ध हीट 1-2 असा मागे पडला, तेव्हा हाच विचार उपयोगी आला. उंच खेळाडूंचा हट्ट सोडून शेन बॅटियरसारखा लांबून शॉट मारणारा खेळाडू मोठ्या खेळाडूच्या जागी उतरवला, रिंगभोवतीची गर्दी कमी झाली, लेब्रॉनला आत घुसायला वाट मिळाली. त्या वर्षी ओक्लाहोमा सिटीला 4-1 हरवून विजेतेपद, पुढच्या मोसमात सलग 27 विजय आणि सान अँटोनिओविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेनंतर पुन्हा विजेतेपद.

आपल्याकडे कोच कोचकडूनच शिकतो, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या. जरा बाहेर पडा. कबड्डीतल्या चढाईच्या वेळी बचावाची साखळी कशी सरकते, कोण कोणाला हाक देतो, हे तास-दोन तास उभं राहून पाहिलं तर झोन डिफेन्स शिकवायला नवे विचार मिळतील. खो-खोच्या प्रशिक्षकाला दिशा बदलण्याच्या पावलांबद्दल विचारा. चांगला खो-खोपटू पाठलाग चुकवताना जे करतो तेच तुमच्या गार्डला ड्रिबल करताना करायचं असतं. मोसम संपल्यावरचे दोन महिने अशा पाहण्यासाठी राखून ठेवावेत. मोसमात वेळ मिळत नाही आणि नवीन काही करून पाहायची हिंमतही होत नाही.

2014मध्ये लेब्रॉन क्लीव्हलँडला परतला. बरेचसे कोच अशा वेळी संघासोबत खाली जातात. पुढच्याच मोसमात हीट प्लेऑफला मुकला. 2016-17मध्ये पहिल्या 41 सामन्यांत 11 विजय आणि 30 पराभव झाले, आणि उरलेल्या 41 सामन्यांत बरोबर उलट, 30 विजय आणि 11 पराभव. प्लेऑफ तेव्हाही हुकलं. तरी माझ्या मते हा निम्मा मोसम त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक आहे, कारण हातात एकही मोठं नाव नसताना सराव कसा सुधारतो हे त्यात दिसतं. मायामीची खरी ताकदही तीच. दर वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, साधारण साठ खेळाडू निवडले जातात. ज्यांना कोणीच निवडत नाही त्यांतून हे लोक खेळाडू घडवतात. 2023मध्ये हीट आठव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये घुसला, अव्वल मिलवॉकीला 4-1 असं बाहेर काढलं, न्यूयॉर्क आणि बॉस्टनला हरवलं आणि अंतिम मालिकेत डेन्व्हरकडून हरला. त्या संघातले गेब व्हिन्सेंट, मॅक्स स्ट्रस, केलेब मार्टिन, डंकन रॉबिन्सन हे सगळे ड्राफ्टमध्ये न निवडलेले.

तुमच्या संघातही असे खेळाडू आहेत. निवड चाचणीत उंच मुलगा पटकन डोळ्यांत भरतो. पण बाकावर बसूनही कोणत्या चालीला कोणी चुकलं हे बरोबर सांगणारी, दमल्यावरही बचावात मागे धावणारी मुलगी वेगळी ओळखून ठेवा. तिला एक नेमकं काम द्या, उदाहरणार्थ कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट आणि समोरच्या मुख्य गार्डचा बचाव, एवढंच. एकच काम पक्कं झालेला खेळाडू सामन्यात उतरवता येतो.

सामन्याच्या दिवसाची एक गोष्ट सांगायलाच हवी. 12 नोव्हेंबर 2024, डेट्रॉइट. जादा वेळेत बरोबरी, घड्याळात 1.1 सेकंद शिल्लक. स्पोल्स्ट्रा यांनी टाइमआउट मागितला, आणि संघाकडे एकही टाइमआउट उरलेला नव्हता. एनबीएच्या नियमानुसार तांत्रिक फाउल झाला, डेट्रॉइटला फ्री थ्रो मिळाला आणि हीट 123-121 हरला. सोळा-सतरा वर्षांचा मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव असलेल्या माणसाकडून ही चूक झाली, आणि सामन्यानंतर त्यांनी दोष पूर्णपणे स्वतःवर घेतला. दुसऱ्या कोणाचंही नाव घेतलं नाही. पराभवानंतर खेळाडूंसमोर आणि पालकांसमोर तुम्ही काय बोलता, यावर पुढच्या सामन्यात मुलं किती मोकळी खेळतील ते ठरतं.

यातली व्यवहाराची बाजूही लक्षात घ्या. आपल्याकडे सामने फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात : पहिल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून दोन टाइमआउट, शेवटच्या दोनमध्ये मिळून तीन, त्यातही चौथ्या क्वार्टरच्या अखेरच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन, प्रत्येक जादा वेळेला एक. उरलेला टाइमआउट पुढे नेता येत नाही. टाइमआउट मागायचा तो कोचने किंवा पहिल्या सहायकाने, स्कोअरच्या टेबलाकडे. म्हणून बाकावरच्या एका माणसाचं काम फक्त टाइमआउट आणि संघाचे फाउल मोजण्याचं ठेवा, आणि प्रत्येक टाइमआउट संपताना त्याने तुम्हाला उरलेला आकडा मोठ्याने सांगायचा. टाइमआउटच्या मिनिटातली पहिली पंधरा सेकंद बोलू नका. मुलांना पाणी पिऊ द्या, श्वास खाली बसू द्या. मग एक बचावाची गोष्ट, एक आक्रमणाची. तिसरी सांगितलीत तर पहिली विसरली जाते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा आपल्याकडे सगळ्यात मानाचा. तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही सुरुवातीला चांगला. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड. लागेल. फिबाची नियमपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि संधी मिळाली की स्कोअरच्या टेबलावर बसा. टेबलावर बसलेला माणूस सामना कोचपेक्षा शांतपणे पाहतो. पैशांचं स्पष्टच बोलू. स्पोल्स्ट्रा यांनी 2024च्या जानेवारीत आठ वर्षांसाठी 12 कोटी डॉलरचा करार केला, पण तो आकडा पाहून या वाटेला लागू नका. आपल्याकडची बहुतेक कामं शाळा, अकादमी आणि क्लबची आहेत, सकाळ-संध्याकाळची आहेत, आणि पहिली काही वर्षं दुसरी मिळकत सांभाळूनच ती करावी लागतात.

पण एकाच मैदानावर टिकून राहिलेल्या कोचने काय होतं हे पाहायला मायामीला जावं लागत नाही. मुंबईत नागपाड्याला बच्चू खान यांनी वस्तीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवला. त्या भागातून भारताकडून खेळलेले कितीतरी खेळाडू निघाले, 1970चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर त्यांतलेच. मैदानाला आज बच्चू खान यांचंच नाव आहे. कधी संध्याकाळी जाऊन तिथला सराव पाहा.

आणि पहिलं पाऊल या आठवड्यातच टाकता येईल. जवळच्या संघाचे कोच सर किंवा मॅडम यांना सराव संपल्यावर भेटा. “मला कोचिंग शिकायचंय” एवढंच म्हणालात तर ते हसून बरं म्हणतील आणि विसरतील. त्याऐवजी म्हणा, “सर, पुढच्या सामन्याचे टर्नओव्हर मी लिहून देतो, कोणी केला, कुठे केला, कशामुळे केला, सगळं.” सामन्याच्या रात्रीच ती नोंद एका पानावर नीट लिहून त्यांच्याकडे पोचवा. पानाखाली दोन व्हिडिओ प्रसंगांची वेळ लिहा, मिनिट आणि सेकंदासकट. पुढच्या सामन्याला सर स्वतःच विचारतील, वही आणलीस का.